डबीतले दोन दाणे

“अक्का, मी चोर दिसतो का?”

यल्लाप्पा पत्तारांनी हा प्रश्न दारातच विचारला. भीमरावांनी पेपर खाली ठेवला आणि ते त्यांच्याकडं नीट निरखून बघू लागले. त्यांना तो प्रश्न खरोखरीचा वाटला होता.

“अहो, बघत काय बसलाय? खुर्ची द्या त्यांना,” मथुराबाई म्हणाल्या.

सप्तापुरातल्या त्या घराला पाटी नव्हती, तरी लोक बरोबर तिथं येत. लग्न ठरत आलेला मुलगा खरंच नोकरीत आहे का, भाडं बुडवून गेलेला पोरगा कुठल्या गावचा, असलं काही शोधायचं असलं की लोक मथुराक्कांचं नाव सांगत. मथुराबाई बनसोडे हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नोकरीत असताना त्या शोध लावत आणि साहेब फोटो काढून घेत. आता त्या स्वतःसाठी शोध लावत होत्या. मदतीला नवरा होता. भीमरावांनी तीस वर्षं बस चालवली होती. आपण चौकशीत फार मदत करतो असं त्यांना वाटे, आणि मथुराबाई तसं वाटू देत.

यल्लाप्पा पाणी प्याले. पत्तार म्हणजे सोनार; सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत ते चाळीस वर्षं दागिने घडवत होते. वसंतशेठच्या दुकानातले हिरे अंगठीत बसवायचं कामही त्यांच्याकडंच असे.

“नवनगरातला लोकेश गावडे. कॉलेजात फिजिक्स शिकवतो. परवा रविवारी त्याचा साखरपुडा. वसंतशेठकडून त्यानं हिरा घेतला, पन्नास सेंटचा, म्हणजे अर्ध्या कॅरटचा. गेल्या शनिवारी स्वतः आणून माझ्या हातात दिला, आणि पेपर तपासायला बेंगळूरला गेला. सोमवारी मी अंगठी तयार केली. त्याचा मावसभाऊ प्रसाद येऊन घेऊन गेला. काल गुरुवारी लोकेश परत आला, डबी उघडली, आणि सरळ माझ्या गल्लीत येऊन उभा राहिला. ‘हिरा बदलला! पत्तारानं माझा हिरा बदलला!’ अक्का, समोरची फुलवाली ऐकत होती, चहावाला ऐकत होता. सगळी गल्ली थांबली.”

“हिरा खोटा निघाला?”

“खराच आहे म्हणे. पण हा तो नव्हे म्हणतो. उद्या संध्याकाळपर्यंत त्याचा हिरा दिला नाही तर स्टेशनात जाणार. वसंतशेठनं कालच माझं काम थांबवलं. आज सकाळपासून साधी एक तुटकी साखळी कुणी जोडायला आणली नाही. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.”

मथुराबाईंनी त्यांचा पेला परत भरला.

“तुमचं काम तुम्ही ओळखाल का, अण्णा? दहा अंगठ्यांत?”

“अंधारात ओळखेन. हिरा धरणारी चार नखं असतात बघा सोन्याची. दुसरे लोक टोकं कानशीनं सपाट करून मोकळे होतात. मी प्रत्येक टोक मोहरीसारखं गोल करतो. बायकांच्या लुगड्याचा धागा अडकायला नको. माझ्या बापानं शिकवलं होतं.”

“बरं. घरी जा आणि जेवून घ्या. उद्या दुपारी तुमच्या कामाच्या बाकड्यावर भेटू.”

ते गेल्यावर भीमराव म्हणाले, “माणूस चांगला आहे.”

“कशावरून?”

“आल्या आल्या पंख्याखाली बसले नाहीत.”

मथुराबाईंनी लोकेशला फोन लावून आपण येतोय म्हणून कळवलं.

लोकेश गावडे त्या दोघांना नवनगरच्या घराच्या फाटकाशीच भेटला. तीस-बत्तीसचा, सडपातळ, चष्मेवाला. बोलताना फळ्यावर लिहिल्यासारखा हात हलवायचा.

“एक विनंती आहे, अक्का. आईला यातलं काही माहीत नाही. तिला बीपीचा त्रास आहे आणि साखरपुडा दोन दिवसांवर आलाय. मी तिला सांगितलंय की जेवणाचं ठरवायला आचारी येणार आहेत. तुम्ही आचारी.”

“मी?” भीमराव घाबरले. “मला चहासुद्धा...”

“तुम्ही फक्त मान हलवा,” मथुराबाई म्हणाल्या.

लोकेशनं आपल्या खोलीचं दार लावून डबी काढली. निळ्या मखमलीची डबी, आत अंगठी. भीमराव लगेच म्हणाले, “मळली असेल. आमच्या बसच्या काचासुद्धा...”

“दोनदा धुतली. कोमट पाणी, साबण, मऊ ब्रश. काही फरक नाही. हे बघा.” त्यानं अंगठी खिडकीपाशी धरली. “मधोमध बघा. करडं कडं दिसतं?”

खरंच दिसत होतं. बाजारात शिळ्या मासळीचा डोळा असतो तसं, फिकट आणि गोल. अंगठी जरा तिरकी केली की हिऱ्यातून खालच्या टेबलाच्या रेघाही दिसत.

“आरुषीसाठी, माझ्या होणाऱ्या बायकोसाठी, मी महिनाभर अभ्यास करून हिरा निवडला होता. लोक वजन बघतात, रंग बघतात. मी पैलू कसे पाडलेत ते बघितलं. कोन बरोबर असले तर आत गेलेला उजेड खाली निसटत नाही, सगळा परत वर येतो. तो हिरा सावलीतसुद्धा पेटायचा. आणि हा बघा! शिवाय मी मापलं.” त्यानं ड्रॉवरमधून व्हर्नियर काढला. “माझ्या हिऱ्याच्या कागदावर रुंदी लिहिली आहे, पाच पॉइंट एक मिलिमीटर. हा भरतो पाच पॉइंट पाच. सिद्ध झालं की नाही? पत्तारानं बदलला.”

“बदलला एवढं सिद्ध झालं,” मथुराबाई म्हणाल्या. “आईनं हिरा बघितला होता का, घेतला तेव्हा?”

लोकेश हसला. “दुकानात आली होती. ‘एवढासा? जोंधळ्याएवढा? बेळगावची माणसं काय म्हणतील, आरुषीच्या काकूच्या बोटात केवढा आहे!’ म्हणाली. तीन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी कोन समजावत होतो आणि ती दाणा बघत होती.”

मथुराबाईंनी अंगठी हातात घेतली. फिरवून बघताना अंगठीचं एक नख त्यांच्या पदराला अडकलं आणि एक धागा ओढला गेला. त्यांनी धागा हळूच सोडवला आणि रिकामी डबी उचलली. मखमलीची गादी बोटानं वर केली, तर खाली दोन दाणे होते. एक जोंधळ्याचा टपोरा, एक तुरीचा.

“हे काय?”

“कुणास ठाऊक. काल मीही बघितले. आईनं शुभ म्हणून ठेवले असतील.”

“अक्षता असतील,” भीमराव म्हणाले.

मथुराबाईंनी दाणे होते तसे ठेवले आणि डबी मिटली.

इतक्यात बाहेरून हाक आली, “लोकेश, आचाऱ्यांना चहा दे की रे! बोलव बाहेर!”

कृष्णाबाई गावडे अळणावरजवळच्या खेड्यातून लग्न होऊन आलेल्या, साठीच्या, गोल चेहऱ्याच्या. त्यांनी भीमरावांना समोर बसवलं आणि परीक्षा सुरू केली.

“शंभर माणसांना पुरण किती घालाल?”

भीमरावांनी मान हलवली.

“मान काय हलवताय? किती किलो?”

“आई, ते करतील बरोबर,” लोकेश म्हणाला.

“ते बोलण्यातले नाहीत, हातातले आहेत,” मथुराबाईंनी सावरलं. “साड्या-बिड्या झाल्या का घेऊन, ताई?”

कृष्णाबाईंचा चेहरा फुलला. “मंगळवारी जाऊन आले की हुबळीला, चिगरी बसनं. एकटीच. विहीणबाईंना हिरवी घेतली. दुकानाच्या शेजारीच आमच्या गावचा नागेश आहे, जुनं सोनं घेतो-देतो, त्यानं बसवून घेतलं, चहा पाजला. आपल्या गावचा माणूस तो आपलाच!” मग त्या पुढं वाकल्या. “आणि अंगठी अशी झालीय म्हणून सांगू! हिरा चांगला तुरीएवढा. बेळगावकर बघतच राहतील. काल लोकेशनंही बघितली. कशी आहे विचारलं, तर म्हणाला, छान आहे. नाही रे?”

“हो,” लोकेश जमिनीकडं बघत म्हणाला.

मथुराबाईंनी चहाचा कप संपवला. “चहा फार छान झाला, ताई.”

रस्त्यावर आल्यावर भीमराव कपाळ पुसत म्हणाले, “वाचलो. काही कळलं का?”

“बरंच.”

“मला पण. त्या प्रसादला पकडू या. अंगठी मधल्या मधे त्याच्याच हातात होती.”

प्रसाद मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसायचा. मथुराबाईंनी नाव सांगताच त्याच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला. भीमरावांनी बायकोकडं अर्थपूर्ण पाहिलं.

“मी काही केलं नाही, अक्का. पाच वाजता पत्तारांकडून घेतली, साडेपाचला नवनगरात मावशीच्या हातात दिली. डबी उघडलीसुद्धा नाही.”

“सुभाष रोडवरून नवनगर अर्ध्या तासात? आणि मधे कुठं थांबला नाहीस?”

“नाही.”

“मग कानाची पाळी लाल का झाली?”

प्रसादनं दुकानाबाहेर डोकावून पाहिलं. मग आवाज खाली करून म्हणाला, “लोकेशला सांगू नका. दोन मिनिटं थांबलो. पिंकीला दाखवली. पिंकी म्हणजे... माझी मैत्रीण. तिनं करंगळीत घालून बघितली. फोटो काढला, लगेच परत ठेवली.”

“बघू फोटो.”

फोटोवर वेळ होती सोमवारची, पाच वाजून आठ मिनिटं. पिंकी मान वाकडी करून हसत होती. तिच्या करंगळीवर अंगठी होती आणि तिच्यातला हिरा दुकानाच्या छपराखालीही लखलखत होता. मथुराबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. हिरा चार नखांनी धरला होता, आणि प्रत्येक नखाच्या टोकाला सोन्याचा एक बारीक गोल थेंब होता.

भीमरावही वाकून बघत होते. “मुलगी चांगली आहे,” ते म्हणाले.

“अहो, मुलगी नका बघू. फोटो मला पाठव, बाळ. आणि पिंकीच्या घरी लवकर विचारून टाक.”

वसंतशेठचं दुकान शेवटचं. शेठ भला माणूस, पण भित्रा. “यल्लाप्पाला मी चोर म्हणत नाही. पण नाव दुकानाचं जातं. खुलासा होईतो काम थांबवलं, एवढंच.”

“खुलासा मागायला तुम्ही त्यांच्याकडं गेला होता का?”

शेठ काउंटरची काच पुसायला लागले. मथुराबाईंनी विषय बदलला. “एकाच वजनाचे दोन हिरे, एक रुंद आणि एक अरुंद, असं होतं का?”

“होतं की.” शेठनी कागदावर दोन आकृत्या काढल्या. एक पोटाला बरोबर उतरता, एक पसरट. “वजन तेच, पण हा दुसरा चपटा पाडलाय. वरून मोठा दिसतो, पण पोट नाही. उजेड आत जातो आणि खालून निसटतो. मधे करडं कडं उमटतं.”

भीमरावांचे डोळे एकदम चमकले. “कळलं! हेडलाइट! बल्बमागं वाटी असते चकचकीत. ती नीट खोल असली तर रस्ता दिसतो. चेपून सपाट झाली की बल्ब केवढाही घाला, समोर अंधार.”

वसंतशेठ त्यांच्याकडं बघतच राहिले. “इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नाही.”

“असा चपटा हिरा मुद्दाम कोण मागतं?” मथुराबाईंनी विचारलं.

“पुष्कळ लोक. ज्यांना लांबून मोठा दिसायला हवा ते.”

शनिवारी सकाळी मथुराबाई एकट्याच चिगरी बसनं हुबळीला गेल्या. भीमरावांना त्यांनी दोन कामं दिली. सगळ्यांना दोन वाजता यल्लाप्पांच्या बाकड्यावर जमवायचं, आणि कृष्णाबाईंना अडीचला आणायचं.

“पण त्यांना सांगायचं नाही ना?”

“म्हणून तर अडीचला.”

यल्लाप्पांची खोली अरुंद होती. एक बाकडं, एक तराजू, भिंतीला टेकून पाट. दोन वाजता लोकेश, प्रसाद आणि वसंतशेठ दाटीवाटीनं बसले. आतल्या छोट्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

“माझा हिरा मिळाला का?” लोकेशनं विचारलं.

“आधी मला बोलू द्या, सर. तासाला मुलं मधे बोलली तर तुम्हाला चालतं का?”

प्रसाद हसला.

“अंगठीतला हिरा बदलला गेला, हे सरांचं बरोबर आहे. धुऊनही कडं गेलं नाही, आणि मापही जुळलं नाही. पण सरांनी माप घेतलं आणि तिथंच थांबले. मापाला पुढचा प्रश्न विचारला नाही. नवा हिरा मोठा का?”

मथुराबाईंनी लोकेशकडून डबी घेऊन अंगठी बाहेर काढली.

“चोराला हवं असतं की चोरी कळू नये. तो त्याच रुंदीचा खडा आणेल, म्हणजे जुन्याच नखांत चपखल बसेल. इथं नखं वाकवून, फाकवून मोठा खडा बसवलाय. एवढा खटाटोप चोर करत नाही. रुंद दिसणं हाच ज्याचा हेतू आहे तो करतो.” त्यांनी अंगठी पुढं केली. “आणि हे काम यल्लाप्पाण्णांचं नव्हे. त्यांच्या नखांची टोकं गोल असतात, लुगड्याला अडकू नयेत म्हणून. या टोकांनी काल माझ्या पदराचा धागा ओढला. टोकं कानशीनं सपाट केलीत.”

“पण त्यांनी मुद्दाम वेगळं काम केलं असेल तर?” लोकेश म्हणाला.

“प्रसाद, फोटो दाखव.”

प्रसाद लालबुंद झाला, पण त्यानं मोबाइल पुढं केला. लोकेशनं फोटो पाहिला, मोठा केला, चष्मा पुसून परत पाहिला.

“हा माझा हिरा,” तो हळूच म्हणाला. “सावलीत पेटलाय.”

“सोमवारी पाच वाजून आठ मिनिटांनी, पत्तारांच्या हातातून सुटल्यावर. टोकांवर चार गोल थेंब आहेत. म्हणजे यल्लाप्पाण्णांनी तुमचाच हिरा बसवून दिला. प्रसादनं बदलला म्हणावं, तर साडेपाचला डबी तुमच्या घरी पोचली. वीस मिनिटांत नखं उघडून, खडा बसवून, घासून होत नाही.”

“दीड तास तरी लागतो,” यल्लाप्पा म्हणाले. त्यांचा हात बाकड्याच्या कडेवर घट्ट होता.

“मग उरलं काय? सोमवार संध्याकाळपासून गुरुवारपर्यंत तुमचं घर. आता डबीतले दाणे. तुम्ही म्हणालात शुभ म्हणून. आमचे हे म्हणाले अक्षता. अक्षता तांदळाच्या असतात, कुंकू लावलेल्या. जोंधळा आणि तूर एकेकच दाणा, तोही गादीखाली दडवून, ही पूजा नव्हे. ही मापं आहेत. तुमच्याकडं व्हर्नियर आहे, सर. शेतात वाढलेल्या माणसाकडं दाणे असतात. दुकानात हिरा जोंधळ्याएवढा म्हणून तीन दिवस कोण रुसलं होतं? आणि काल तो तुरीएवढा झाला म्हणून कोण खूश होतं?”

लोकेश उभा राहिला. “आई? शक्य नाही. आईला काही माहीतच नाही!”

“बरोबर. तुम्ही सगळ्यांना विचारलंत, फक्त तिला नाही. गुरुवारी तिनं विचारलं कशी आहे, तर छान आहे म्हणालात. तिला वाटलं, पोराला पसंत पडली.”

मथुराबाईंनी अंगठी यल्लाप्पांना दिली. “अण्णा, खडा काढा आणि तोला. तोलायच्या आधी मी सांगते. बरोबर पन्नास सेंट भरेल.”

यल्लाप्पांनी नखं सैल केली. वसंतशेठनी स्वतः तराजूवर खडा ठेवला. काट्यावर आकडा आला तसे ते म्हणाले, “पन्नास. अगदी पन्नास.”

“चोर वजन कशाला जुळवील? वजनाला वजन दिलं, तर तो व्यवहार. कुणाला तरी मनापासून वाटलं की आपण काहीही न घालवता मोठा दाणा घेतला.”

त्याच वेळी भीमरावांच्या मागून कृष्णाबाई आत आल्या. “काय रे लोकेश, आचारी म्हणाले तू बोलावलंयस. एवढी माणसं? आणि अंगठी मोडली की काय?”

मथुराबाई म्हणाल्या, “ताई, यल्लाप्पाण्णांनी हिरा चोरला असं सर म्हणतात. आज संध्याकाळी पोलिसात देणार आहेत.”

“काय?” कृष्णाबाई लोकेशकडं वळल्या. “अरे मुडद्या, यल्लाप्पाण्णांनी माझ्या लग्नातली बुगडी घडवली होती! त्यांना चोर म्हणतोस? हिरा मी बदलला! मंगळवारी नागेशकडं! दाणे दाखवले, म्हटलं असा होता, असा पाहिजे. वजनाला वजन दिलं त्यानं. तुला सांगितलं असतं तर तू कोन मोजत बसला असतास!”

मग त्यांनी यल्लाप्पांकडं पाहिलं.

“आणि मला कुणी काही सांगितलं कसं नाही?” त्यांचा आवाज खाली आला. “दोन दिवस हा माणूस चोर म्हणवून घेतोय, आणि मी घरात बसून साड्यांना फॉल लावतेय.”

“तुझं बीपी...” लोकेश पुटपुटला.

“आता बघ किती वाढलंय ते!”

मथुराबाईंनी आतलं दार उघडलं. “या, नागेश.”

चाळिशीचा एक जाडसर माणूस मान खाली घालून बाहेर आला. “मी फसवलं नाही हं, काकू. तुम्हीच मोठा मागितला.”

“मागितला हे खरं,” मथुराबाई म्हणाल्या. “पण कुठला हिरा घेतोय आणि कुठला देतोय, हे तुम्हाला एका नजरेत कळलं होतं. म्हणून तर आज सकाळी मी विचारलं तेव्हा तुम्ही आधी म्हणालात, काकू आल्याच नव्हत्या. दीड तास मी तुमच्या दुकानात बसले. वजनाला वजन एवढंच झालं असेल तर तसं कागदावर लिहून द्या म्हटलं. तुम्ही लिहिलं नाही, हिरा काढून दिलात. तो ठेवा इथं, तुमचा घ्या, आणि गावात काकूंसमोर मान वर करता येईल असं वागा.”

नागेशनं खिशातून कागदाची पुडी काढून बाकड्यावर ठेवली. दोन्ही हिरे शेजारी शेजारी पडले. चपटा खरंच मोठा दिसत होता.

“बघा, मोठा आहे की नाही?” कृष्णाबाई म्हणाल्या. अजून त्यांचं मन मानत नव्हतं.

यल्लाप्पा पहिल्यांदाच हसले. “अक्का, त्यावर पदर धरा. सावली करा आणि आत बघा.”

कृष्णाबाईंनी पदर दोन्ही हिऱ्यांवर धरला आणि आत डोकं घातलं. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे बारीक झाले होते.

“मोठा विझला,” त्या म्हणाल्या. “आणि तो एवढासा जोंधळा आत बसून जळतोय की गं बाई.”

“हेडलाइट,” भीमराव म्हणाले. “वाटी चेपलेली...”

“तुम्ही गप्प बसा. तुम्हाला पुरणाचं माप येत नाही.” मग त्या थबकल्या. “थांबा. तुम्ही आचारी नाहीच?”

भीमरावांनी सवयीनं मान हलवली.

“मग उद्या शंभर माणसांना जेवायला कोण घालणार?”

“खरे आचारी सांगितलेत, आई,” लोकेश घाईनं म्हणाला. मग तो यल्लाप्पांकडं वळला आणि पाया पडायला वाकला. यल्लाप्पांनी त्याचे खांदे धरून वर उठवलं.

“पाया पडू नको. मला माफी इथं नको. गुरुवारी बाहेर गल्लीत बोललास. मोठ्यानं बोललास.”

लोकेशला कळलं. तो चपला न घालताच बाहेर गेला, गल्लीच्या मधोमध उभा राहिला, आणि वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “यल्लाप्पाण्णांनी हिरा बदलला नाही! हिरा सापडला! चूक माझी होती, आमच्या घरची होती!”

फुलवालीनं गजरा गुंफता गुंफता वर पाहिलं. “आम्हाला ठाऊकच होतं,” ती म्हणाली. “पण बरं झालं सांगितलंस.” चहावाल्यानं न सांगता आत आठ कप पाठवले.

“यल्लाप्पा, सोमवारपासून काम...” वसंतशेठ सुरू झाले.

“सोमवारी बघू,” यल्लाप्पा म्हणाले. ते बाकड्यावर वाकले होते. जुना हिरा नखांत परत बसत होता आणि एकेक टोक गोल होत होतं. काम झालं तसं त्यांनी अंगठी पुसली आणि कृष्णाबाईंच्या हातात ठेवली. “उद्या तुम्हीच द्या मुलीला.”

“तुम्ही पुढं बसायचं, अण्णा. पहिल्या ओळीत. तुम्ही आल्याशिवाय अंगठी निघायची नाही.”

कृष्णाबाईंनी डबी उघडली, गादी उचलली, तुरीचा दाणा काढून पदराच्या गाठीत बांधला आणि जोंधळ्याचा तसाच राहू दिला.

सगळे उठले तेव्हा दारात एक बाई उभी होती. तिच्या मुठीत तुटलेली साखळी होती.

“पत्तारअण्णा, जोडून मिळेल का? काल आणणार होते, पण...”

“आत या की,” यल्लाप्पांनी पाट पुढं सरकवला. “पंख्याखाली बसा.”